अर्जावरची तीन नावे

बेथ्नल ग्रीन, लंडन
सोमवार, २८ सप्टेंबर १९५३

ती. हिल्डाआत्यास सा. न. वि. वि.

आपण होऊन तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. एरवी बाबांच्या पत्राखाली दोन ओळी जोडण्यापलीकडे माझी मजल जात नाही. पण ही गोष्ट घरात कोणापाशी बोलता येत नाही, आणि हार्लोच्या नव्या वसाहतीत राहणारे आपले माणूस तूच एक.

बाबांना तुमच्याकडच्या नव्या कारखान्यात सुतारकाम मिळाले, हे तुला कळलेच असेल. कामासोबत घरही मिळते म्हणून घराचा अर्ज भरला. अक्षर बरे म्हणून तो मी लिहिला. कुटुंबातील माणसे या रकान्यात बाबांनी तीनच नावे सांगितली: ते, आई आणि मी. आजीचे नाव घालू दिले नाही. म्हातारे माणूस दिसले की अर्ज तळाशी जातो, असे त्यांना कामावरच्या कोणी सांगितले. आजी काही दिवस शेजारच्या मिसेस कॉबकडे राहील, पुढचे पुढे पाहू, असे ते म्हणतात. हे ‘पुढे’ कधी येणार, ते मात्र सांगत नाहीत.

आजी आईची सख्खी आई, तरी आईलाही विरोध करवत नाही. पलंगामागची भिंत बारा महिने ओली असते आणि तिचा खोकला आता उन्हाळ्यातही थांबत नाही. स्वतःचे न्हाणीघर, ऊन येणारी खोली, एवढेच ती दिवसभर बोलते. आजीला वाचता येत नाही. हार्लोच्या बागेत घेवडा चढेल का, असे ती मला रोज विचारते आणि मी पुस्तकात डोके घालते.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी आठ तारखेला, अर्जदारांचे राहते घर पाहणाऱ्या बाई येणार आहेत. त्यांना खरे सांगावे का? तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी भाची
म्यूरिअल

हार्लो
गुरुवार, १ ऑक्टोबर १९५३

चि. म्यूरिअल हिस अनेक आशीर्वाद.

अगं पुस्तकातल्या उंदरा, तुला तोंड फुटले म्हणायचे! माफी कसली मागतेस? पत्र वाचून तुझ्या काकांना मी म्हटले, पोरगी बोलत नाही पण लिहिते झकास.

आता ऐक. तोंड मिटून गप्प बस. सिड माझा भाऊ आहे, आडमुठा आहे, पण दुष्ट नाही. आधी किल्ली हातात येऊ दे. इथे नळ सोडला की गरम पाणी येते. पहिला महिना मी दिवसातून दोनदा अंघोळ करत होते, काका म्हणाले विरघळशील. चिखल आहे, दुकान लांब आहे, तरी परत ये म्हणालीस तर मी येणार नाही. तुझ्या आईचा खोकला इथे महिन्यात पळेल.

खरे सांगू? आमच्या रस्त्यावर नुसत्या बाबागाड्या. पांढरा केस औषधालाही नाही. मंगळवारी फाटकाशी तासभर उभी राहिले, कोणीतरी बोलेल म्हणून. शेवटी दूधवाल्याला धरून सांधेदुखीची सगळी हकीकत ऐकवली. तुझ्या आजीचे इथे कसे व्हायचे, मला सांगता येत नाही. पण हे तुझ्या आईला कळवू नकोस.

जेवणाकडे लक्ष दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या हिल्डा

बेथ्नल ग्रीन, लंडन
शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९५३

ती. हिल्डाआत्यास सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मी मोडला. कसे घडले ते क्रमाने सांगते.

मिसेस कॉबचा पाय दुखतो, तिच्यापाशी बसा, असे सांगून बाबांनी काल आजीला दुपारीच घराबाहेर काढले. ती गेली, पण कोळसेवाल्याने आपली पायरी तुडवलेली तिला तिकडून दिसली. पाहुणी येणार आणि पायरी काळी, हे तिला कसे सोसावे? पायरी पांढरी करायचा दगड आणि बादली घेऊन ती गुडघ्यांवर बसली, आणि तेवढ्यात बाई आल्या.

मी खिडकीमागे होते. बाईंनी तिला विचारले, आपण याच घरच्या का. आजी म्हणाली, छे हो बाईसाहेब, मी पलीकडच्या गल्लीतली, लोकांच्या पायऱ्या घासते. वर म्हणाली, माणसे फार नेटकी आहेत, मुलगी शिकलेली आहे, बाईला खोकला आहे. यांना घर द्याच. मग बादली उचलून ती खरोखरच पलीकडच्या गल्लीकडे चालू लागली.

बाईंनी पायरीची तारीफ केली. घर मिळाल्यातच जमा समजा, असे सांगून गेल्या. बाबा शीळ घालत होते. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, ती वळलीच नाही.

संध्याकाळी मी आजीला विचारले, तुला कसे कळले. ती म्हणाली, मला वाचता येत नसेल, मोजता येते. दर नावानंतर तू टीपकागद दाबत होतीस, तीनदाच दाबलास. आणि मग माझ्यावरच हसली, की एवढी अभ्यासू पोर, पण चोरी करताना आवाज करते.

आज मी त्या बाईंना लिहिले आहे, की आमच्या घरी माणसे चार आहेत आणि पायरी घासणारी माझी आजी आहे. नाव लपवले ते माझ्या हस्ताक्षरात, म्हणून दोषही माझ्याच नावे धरावा. आईला आधी वाचून दाखवले. ती खोकत राहिली, मग पाकिटावरचे तिकीट तिनेच चिकटवले. बाबांना अजून ठाऊक नाही. घर गेले तर ते माझ्यामुळे गेले असेल. तेव्हा निदान तू तरी मला टाकू नकोस, एवढेच मागणे.

तुझी
म्यूरिअल

म्यूरिअलच्या वहीतली नोंद: बाईंचे आणि आत्याचे, दोन्ही पत्रे कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकली, शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९५३, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे.