आईनं वाचलेली पोथी

आई, काल मोंढ्यात दुकानदारानं विचारलं, "आजी, तूप खायचं देऊ का पूजेचं?" आणि मला तू आठवलीस. गुलमंडीच्या बाजारात एका दुकानदारानं तुला हाच प्रश्न सुपारीसाठी विचारला होता, तेव्हा मी तुझा पदर धरून उभी होते. "पूजेची म्हंजी?" तू विचारलंस. "जरा हलकी असती, वहिनी. एखादी किडकी बी निघती. देव थोडाच खातो?" तू ती सुपारी त्याच्याच हातावर ठेवलीस. "तुमी खावा." समोर चार गिऱ्हाइकं उभी, त्यामुळं बिचाऱ्यानं अडकित्त्यानं फोडून तोंडात टाकली. त्याचा चेहरा बघून तू म्हणालीस, "आता खायाची द्या."

ती पूजा बाबांच्या नोकरीची होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीतले उर्दू कागद मराठीत व्हायला लागले, आणि कोण राहणार, कोण घरी बसणार, याचं काही खरं नव्हतं. बाबा कायम झाले तसा तू सत्यनारायण घातलास. घरात साजूक तुपाच्या शिऱ्याचा वास आणि आम्हाला सकाळपासून चहासुद्धा नाही. गुरुजींना त्या दिवशी आणखी तीन घरं होती. मागं म्हैस लागल्यासारखे ते वाचत सुटले आणि दुसऱ्या अध्यायावरून थेट चौथ्यावर गेले.

"गुरुजी, तिसरा राह्यला," तू म्हणालीस.

"झाला की, वहिनी."

"नाय झाला."

"अहो, देवाला सगळी कथा पाठ आहे!"

"मंग तुमाला कशाला बोलवलं असतं?"

गुरुजी उपरणं झटकून उठले ते गेलेच. शेजारणी कुजबुजायला लागल्या, अर्धी पूजा सोडणं बरं नव्हं. बाबांचा चेहरा कायम झालेली नोकरी गेल्यासारखा झाला.

मग तू पोथी पुढ्यात ओढलीस. तुझ्या लहानपणीच्या शाळेत सगळं उर्दूत, मराठी अक्षरं तू माझ्या पाटीवरून भाकरी थापता थापता शिकलेली. "हळू वाचीन, पन सोडायची नाय," तू जाहीर केलंस. मी शेजारी, पानं उलटायला. तू बोट ठेवतेस, अक्षर जुळवतेस, "ब्रा... ब्रा..." आणि बसलेल्या सगळ्या बाया एका सुरात "ब्राह्मण!" म्हणतात. तू त्यांच्याकडं रागानं बघतेस आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून वाचतेस. तिसरा अध्याय संपेपर्यंत शेजारचे काका भिंतीला टेकून घोरत होते. शिऱ्यावरचं तूप थिजलं. तुझं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं. पण उठायची छाती कुणाची झाली नाही.

बाबांची नोकरी निवृत्तीपर्यंत टिकली ती या वाचनामुळं, असं तुझं ठाम मत होतं. पुढं येईल त्या पाहुण्याला तू सांगायचीस, "गुरुजींनी गाळलं, म्या एक अक्षर गाळलं नाय."

आई, गाळलं होतंस. म्हणजे मी गाळलं. चौथ्या अध्यायात वाण्याची नाव बुडते ना, तिथं मी दोन पानं एकदम उलटली. मला लई भूक लागली होती. तू पुढच्या पानावर बोट ठेवलंस, तर थेट राजा शिकारीला निघालेला. तू थांबलीस. "ह्यो राजा कुठनं आला गं?"

"असंच लिहिलंय," मी म्हणाले, आणि तू विश्वास ठेवलास. बाबांना कथा पाठ होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, शिऱ्याच्या पातेल्याकडं बघितलं, आणि डोळे मिटून हात जोडले.

शेवटच्या आजारात डॉक्टरांनासुद्धा तू तेच सांगितलंस, एक अक्षर गाळलं नाय. माझ्याकडं वळून विचारलंस, "व्हय ना गं?" मी म्हणाले, "व्हय, आई." ते तेवढं मला अजून टोचतं. म्हणून हे लिहितेय. हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय.

आज सकाळी मी ती दोन पानं देवासमोर मोठ्यानं वाचली. आता मलाही बोट ठेवूनच वाचावं लागतं. मध्ये एकदा डुलकी लागली, आई. एखादी ओळ राहिली असेल.