चौथ्या रिळातले हात

३ मार्च १९८७

ती. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार. आईचे आशीर्वाद नेहमीप्रमाणे वेगळे, आणि माझ्यापेक्षा जास्त.

खुशाली मागाहून विचारते, आधी बातमी. दादा, तो सिनेमा सापडला! मेलेल्या बायकोला जिवंत करू बघणाऱ्या वेड्या शास्त्रज्ञाचा. मी लहानपणापासून ज्याच्या नावाने जीव टाकते, तो आमच्याच गोदामात पडून होता. सहा रिळं, सगळे डबे गंजलेले.

माझं काम तुला ठाऊक आहे. डबा उघडायचा, आधी वास घ्यायचा, मग फिल्म अंगठ्यावरून सरकवत कडेची फाटकी भोकं चाचपायची आणि तुटलं असेल ते जोडायचं. आंबूस वास आला की फिल्म कुजायला लागली म्हणून समजायचं. चौथ्या रिळाचा डबा उघडला आणि माझं नाकच झोंबलं. नेमकं तेच रीळ, प्रयोगशाळेचं. आमचे साहेब म्हणाले की हे फार तर एकदा-दोनदा चालेल. महिनाअखेरीस कुजलेला माल नष्ट करायला नेतात, त्यात हेही जाणार.

तू नऊ वर्षं बाबांना पाहिलंस. त्यांच्या खांद्यावर बसलास, मारही खाल्लास. मी दीड वर्षाची होते. माझ्याकडे एक फोटो आहे, त्यात ते खांबासारखे ताठ उभे आहेत. बाकी आहेत ते या सिनेमातले हात. बाबा त्यांच्या काचकामाच्या कारखान्यातून शूटिंगसाठी नळ्या-बाटल्या घेऊन गेले आणि नटाच्या जागी त्यांचेच हात जवळून घेतले, हे आईने मला लहानपणी किती वेळा सांगून झोपवलंय. पण फिल्म उजेडासमोर धरून पाहिली, तर हात दिसतात तीन ठिकाणी. त्यातले नटाचे कुठले आणि बाबांचे कुठले, तेवढं कळव. मी त्यातला वीतभर तुकडा कापून ठेवणार आहे. कळलं तर नोकरी जाईल, म्हणून आईपाशी बोलू नकोस. तिला विचारायचीही सोय नाही, हल्ली सिनेमाचं नाव काढलं की ती उठून आत जाते.

वहिनीला सांग, स्वेटर अगदी अंगासरसा बसला. माया करतोस तशीच करत राहा.

तुझी,
ठकी


१४ मार्च १९८७

चि. ठकीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. आईला नमस्कार सांग, आणि दाढ दुखत असेल तर लपवू नको म्हणावं.

पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. माझ्या दवाखान्यात कालच एक पैलवानासारखा गृहस्थ आला होता. चिमटा बघूनच खुर्चीतून पळाला, तो माझा टॉवेल गळ्यात घेऊनच.

ठके, वेड्यासारखं काही करू नकोस. बारा वर्षांची नोकरी वीतभर फिल्मसाठी घालवतात का? आई आणि तू, दोघींचं त्यावर चालतं. आणि इतक्या वर्षांपूर्वीचे हात मी कसे ओळखणार? रीळ एकदा बघून घे आणि जाऊ दे. तुझ्यावरचा जीव या दटावणीने कमी झाला असं समजू नकोस.

तुझा,
दादा


२० मार्च १९८७

ती. दादास,
नमस्कार. या वेळी साष्टांग नाही, साधाच. रागावले आहे.

तू दातांचा डॉक्टर, एक दाढ बघून माणसाचं वय सांगतोस, आणि सख्ख्या बापाचे हात ओळखता येत नाहीत? मला काय दूधखुळी समजतोस?

मी रीळ बघितलं. आवाज बंद ठेवून, हाताने हळूहळू फिरवून, फक्त एकदा. पहिल्या आणि शेवटच्या ठिकाणचे हात नटाचे, त्याच्या बोटात जाड अंगठी आहे. पण मधले हात, दादा! वरून केसाळ, राकट, पण बाटली उचलतात ती इतकी जपून की मला रडू आलं. माझ्या बाळपणी मलाही असंच उचललं असेल, असं वाटलं. टेबलावर डोकं ठेवून रडले. तुला हसू येईल, पण त्या शास्त्रज्ञाला लोक वेडा का म्हणतात तेच मला कळेना. गेलेलं माणूस एकदा बघायला मिळावं म्हणून तो धडपडतो. मी दुसरं काय करते आहे? मला बाबा हवेत रे. तेहेतीस वर्षांची घोडी झाले तरी हवेत.

आता तुझं काही ऐकणार नाही. सोमवारी तीस तारखेला गाडी येणार. शनिवारी दुपारी साहेब जेवायला गेले की मी मधल्या प्रसंगावर कात्री चालवणार. हे वाचून तूही रागाव, पण दोन दिवसांच्या वर रागावू नकोस.

ठकी


२४ मार्च १९८७

चि. ठकीस,
आशीर्वाद. हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. शनिवारच्या आत मिळू दे.

कापू नकोस. ते हात बाबांचे नाहीत.

लिहिताना माझाच हात जड झाला आहे, पण खोट्या हातांपायी तुझी नोकरी जावी हे मला बघवणार नाही. बाबांनी सगळ्या गल्लीत आणि कारखान्यात सांगून ठेवलं होतं की माझे हात पडद्यावर येणार. प्रत्यक्षात दिग्दर्शकाने त्यांचे हात बघून नाक मुरडलं. भट्टीपाशी भाजून भाजून बोटं डागाळलेली, नखं वाकडी. शास्त्रज्ञाचे असे हात शोभत नाहीत म्हणाला. आई सोबत गेली होती, कारण त्या नळ्या फुटू न देता हाताळायचं तिला येत होतं. म्हणून मग तिचे हात घेतले. पुरुषाचे दिसावेत म्हणून त्यांवर डिंकाने केस चिकटवले! घरी आल्यावर ती परातभर कोमट पाण्यात हात बुडवून बसली होती आणि मी जमिनीवर लोळून हसत होतो.

बाबा हसत नव्हते. कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाले. सिनेमा लागायच्या आत ते तापाने गेले, मग सांगायचं तरी कुणी? तू थोडी मोठी झाल्यावर बाबा बाबा करायचीस, तेव्हा आईने ते हात तुला बाबांचे म्हणून देऊन टाकले. मला शपथ घातली. ती आज मोडली.

मला माफ कर, आणि आईवर चिडू नकोस.

तुझा,
दादा


३१ मार्च १९८७

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. वहिनीलाही.

पत्र शुक्रवारी मिळालं. चिडू नकोस म्हणालास, पण चिडले. तशीच घरी गेले. आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर पत्र टाकलं आणि नको नको ते बोलले. तेहेतीस वर्षं मला फसवलंस, असंही म्हणाले. आईने पत्र वाचलं, शांतपणे घडी घातली आणि म्हणाली की तुझ्या दादाला अर्धंच माहीत आहे.

दादा, हात नाकारले तरी त्या दिवशी बाबा घरी निघून आले नव्हते. टेबलावरच्या मोठ्या भांड्यातलं पाणी सारखं खदखदायला हवं होतं आणि त्यासाठी आणलेला पंप भयंकर आवाज करत होता. बाबा म्हणाले की जन्मभर काचेत फुंकतोच आहे, हेही फुंकतो. टेबलाखाली काळ्या कापडात बसले, रबरी नळी तोंडात धरली आणि सकाळपासून दुपारपर्यंत फुंकत राहिले. वर आई कॅमेऱ्याला बिचकली की खालून ते तिच्या पायाचा अंगठा दाबून धीर देत होते. सिनेमा लागल्यावर ती एकदाच बघायला गेली होती. ते पाणी खदखदताना बघून तिला तिथे बसवेना, अर्ध्यातून उठून आली. मग मला ते हात बाबांचे म्हणून का सांगितलेस, असं विचारलं, तर म्हणाली की बाप टेबलाखाली बसला होता असं पोरीला कसं सांगायचं?

शनिवारी मी तिला गोदामात नेलं. साहेबांना सगळं खरं सांगितलं, कात्रीचंसुद्धा. त्यांनी खूप फैलावर घेतलं आणि मग स्वतःच रीळ चढवून दिलं.

मी काहीच कापलं नाही. थांबलेल्या चित्रात पाण्यातले बुडबुडे म्हणजे नुसते ठिपके असतात. फिल्म चालते तेव्हा मात्र पाणी खदखदतं, मग क्षणभर निवतं, आणि पुन्हा उसळतं. पहिल्यांदा निवलं तेव्हा आई माझा हात धरून म्हणाली की इथे त्यांनी दम घेतला. पुढच्या प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर तीही श्वास घेत होती, आणि थोड्या वेळाने मीही घ्यायला लागले. सातव्या वेळेला फिल्म तुटली. साहेबांनी जोड म्हणून खूण केली. आई नको म्हणाली.

काल गाडी येऊन रीळ घेऊन गेली. मी सहीसुद्धा केली. आता मलाही बाबांची एक आठवण आहे, दादा. ते टेबलाखाली बसून श्वास घेत होते.

ये लवकर. लोभ आहेच, पण तो घेऊन स्वतः ये.

तुझी,
ठकी