बाहेरून लावलेल्या कड्या

सोमवार, ३ मार्च
आज कामावर रुजू झाले. जुन्या बालगृहाच्या तीन दगडी इमारती, पुढे ऐसपैस व्हरांडा आणि मला राहायला फाटकाजवळची उजेडाची खोली. इथं आता संग्रहालय होणार, म्हणून सगळी दारं दुरुस्त करायचीत. लाकूड अजून ठणठणीत आहे. सुतार म्हणून बाई आलेली बघून संस्थेचे चिटणीस जरा चपापले. माझा रंधा चाललेला बघितल्यावर दारांची यादी हातात दिली.

मंगळवार, ४ मार्च
मुलांच्या खोल्यांना कड्या फक्त बाहेरून. आतून साधी खिट्टीही नाही. चिटणीस म्हणाले, जुनं आहे ते जपायचं. मी म्हटलं, दारं जपते, कड्या नाही. अकराच्या अकरा उपटल्या, भोकं बुजवली, पोत्यात भरल्या.

बुधवार, ५ मार्च
सकाळी अकराही कड्या जागेवर, गंजासकट. पोतं रिकामं. कुणाची तरी चेष्टा समजून पुन्हा काढल्या.
इथल्या माळीकाकांना विचारलं, तर आधी ताकास तूर लागू देईनात. मग म्हणाले, त्यांची आजी इथं स्वयंपाकाला होती. तापाची साथ आली तेव्हा बालगृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी सहा आजारी मुलं टोकाच्या खोलीत कोंडली. साथ सरली तरी कडी काही निघाली नाही. आजी ताट घेऊन गेली की बाई किल्ल्या वाजवत आडव्या यायच्या.
काका म्हणाले, पोरी, काम सोड. मी म्हटलं, आता तर मुळीच नाही.

गुरुवार
पुन्हा कड्या. पुन्हा काढल्या. भर दुपारी व्हरांड्यात किल्ल्या वाजल्या. कोणी नव्हतं.

शुक्रवार
सकाळी माझंच दार बाहेरून बंद. पलीकडे कुणीतरी शांतपणे श्वास घेत उभं होतं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार पाडलं. बाहेर कोणीच नाही.
घाबरले. खूप. पण कडी निघत नसेल तर दारच ठेवायचं नाही, हे कळलं.

शनिवार
दहा दारं उतरवली. टोकाचं उरलंय. पटाशी लावली तर आतून बारीक आवाजात कुणीतरी विचारलं, ताप उतरलाय, आता येऊ का —

दुपार
दार निघालं. वाट पुन्हा बंद होऊ नये म्हणून उंबरठ्यावर बसलेय. आत कोणी दिसत नाही. पण माझ्या खांद्याला धरून कुणीतरी ओलांडून गेलं. गार, चिमुकला हात. मग दुसरं —
किल्ल्या येताहेत. काका फाटकातून हाका मारताहेत, ऊठ म्हणून —
चार गेली.
वहीवर सावली. पाठीत काहीतरी फिरतंय, कडी बसवताना स्क्रू पिळल्यासारखं —
उठणार नाही. अजून दोघं आत —