वांदरांसाठी बुलपप

२ फेब्रुवारी, सकाळी
पोलीस ठाण्यातून हवालदार येऊन गेले. हे भाद्रपदात गेले, तेव्हापासून ह्यांची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा आहे. महिनाअखेरपर्यंत वारस म्हणून माझा अर्ज आला नाही, तर सरकारजमा होणार. म्हटलं, होऊ दे. जुन्या लोखंडात जीव अडकवणारी मी नव्हे. काजूवर वांदर आहेत, बार काढायला बंदूक हवीच. पण आता आधुनिक घेणार.
निश्चय: आधी वाचन, मग तुलना, मग अर्ज.

५ फेब्रुवारी
शाळा चौथीत सुटली, पण पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकलेला नाही. मोबाइलवर रायफली वाचतेय. बुलपप म्हणून प्रकार आहे. गोळ्यांचं मॅगझिन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यात. त्यामुळे नळी लांब, पण बंदूक आखूड. काजूच्या फांद्यांत अडकणार नाही. शिवाय सेमी-ऑटोमॅटिक. चाप एकदा ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरते. ह्यांची एकदा दारू ठासून होईपर्यंत वांदर जेवून जायचे.

९ फेब्रुवारी
तिघी शॉर्टलिस्ट.
इस्रायलची टॅवॉर: सव्वीस इंच. आमच्या मुसळापेक्षा आखूड.
ऑस्ट्रियाची ऑग: मॅगझिन पारदर्शक. किती गोळ्या उरल्या ते लोणच्याच्या बरणीसारखं बाहेरून दिसतं.
अमेरिकेची एमडीआरएक्स: रिकामं काडतूस पुढे फेकते. बाकीच्या दोघींत काडतूस पडायची बाजू बदलून घेतली नाही, तर डावखुऱ्याच्या तोंडावर गरम काडतूस येतं. मी डावखुरी. सासूबाईंनंतर माझ्या डाव्या हाताची दखल अमेरिकेनेच घेतली.
ठाण्यात जायचं राहिलं. तुलना अर्धी असताना जाण्यात अर्थ नाही.

१४ फेब्रुवारी
खळ्यात मुसळ खांद्याला लावून सराव. शेजारचे महिपत भावोजी दगडी गडग्यावरून बघत होते. म्हणाले, वैनी, वांदरांना कांडणार काय? दुर्लक्ष केलं. मग म्हणाले, सोमवारी चला, मोटारसायकलवरून ठाण्यात सोडतो. म्हटलं, गुडघा दुखतोय. दुखत असावा.

१९ फेब्रुवारी
मुंबईहून लेकीचा, दर्शनाचा फोन. तिघींची वजनं सांगितली. म्हणाली, आई, असली बंदूक सैन्याला देतात, तुला कोण देणार? म्हटलं, अर्ज करून बघायचा असतो. मग तिने विचारलं, बाबांची बघून आलीस का गं? तेवढ्यात रेंज गेली, असं मी तिला सांगितलं.

२४ फेब्रुवारी
खालच्या अंगाचे काजू वांदरांनी संपवले. एक पायरीवर बसला होता. मी हाड केलं, तर त्याने थोडं सरकून मला जागा दिली.
निर्णय झाला: एमडीआरएक्स. उद्या जाते.

२५ फेब्रुवारी
पोटात गॅस.

२६ फेब्रुवारी
पाहुणे येतील असं वाटलं. आले नाहीत.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
उद्या शनिवार, परवान्याचं टेबल बंद. भावोजींनी नेलंच.
टेबलावरच्या मॅडमनी माझा तुलनेचा कागद पूर्ण वाचला. म्हणाल्या, आजी, अभ्यास झकास आहे, पण यातली एकही शेतीला मिळत नाही. मग ओळख पटवायला ह्यांची बंदूक आणून समोर ठेवली. दस्त्याला सुतळीने नंबराची चिठ्ठी. ह्यांच्या गालाने लाकूड जिथे गुळगुळीत झालंय, नेमकी तिथेच गाठ. म्हटलं, गाठ जरा खाली घ्या. घेतली.
त्या तिघींत लाकूड नाही. ही उणीव कुणीच लिहिलेली नाही.
फॉर्मवर 'शस्त्राचा प्रकार' असा रकाना होता. मी लिहिलं, ह्यांची. मॅडम म्हणाल्या, असा प्रकार आमच्या यादीत नाही हो. पण खोडलं नाही. शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं: एकनळी, ठासणीची.
परवाना यायला सहा महिने. तोवर बंदूक तिथेच, आणि काजू वांदरांचे.
येताना भावोजींनी विचारलं, वैनी, ती चालवता तरी येते का तुम्हाला?
म्हटलं, पुसता येते.