आरमार आलं, गुरुजी

गुरुजी, डब्यावर डबे आपटत जाणाऱ्या त्या लष्करी गाडीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आपल्या वर्गाची मागची खिडकी रुळांच्या बाजूला होती. तुम्ही नदीवरची कविता शिकवत असायचात, आणि गाडी आली की ओळ अर्ध्यावर सोडून, पुस्तकातलं बोट तसंच ठेवून, शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहायचात. त्या हिवाळ्यात गाड्या फार. उघड्या वाघिणींवर ताडपत्रीखाली तोफा, आणि डब्यांच्या दारात पाय सोडून बसलेले जवान. पूर्वेकडे शेजारच्या मुलखात माणसं मारली जात होती, जीव घेऊन आपल्याकडे पळून येत होती. आपल्या देशाने तिकडे घुसावं की आपलं दार लावून गप्प बसावं, यावर डहाणूच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मत देत होती. तुम्ही आम्हाला निबंधच घातलात. मी लिहिलं, बलवानाने धावून जावं, नाहीतर त्याचं बळ काय कामाचं. सिंह, वादळ, वणवा, सगळं आणलं होतं त्यात. तुम्ही समासात तांबड्या शाईने लिहिलंत की उपमा कमी कर, म्हणजे विचार आहे का ते दिसेल. मला रडू आलं होतं. उपमा काढल्यावर खाली काहीच उरत नव्हतं ना.

मग जवानांना काहीतरी द्यायचं म्हणून तुम्ही आम्हाला स्टेशनवर नेलंत. ज्याच्या वाडीत जे असेल ते आणा, म्हणालात. मी सरावलीच्या चिकूवाडीत वाढलेला. झाडावरून उतरवलेला चिकू धुऊन, पेंढ्यात घालून पिकायला ठेवावा लागतो, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. पण त्या सकाळी उत्साहाच्या भरात आम्ही नुकते काढलेले चिकू टोपल्या भरभरून नेले, आणि वाडीवाल्यांच्या एवढ्या पोरांत एकालाही सुचलं नाही की आपण दगड वाटतोय. एका सरदारजीने कचकन दात मारला, चिकाने त्याचे ओठ मिशीला चिकटले. तो तुमच्याकडे वळून म्हणाला, "मास्टरजी, ये दुश्मन के लिए हैं क्या?" अख्खा डबा हसला. तुम्हीही हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण परतताना रेल्वे फाटकापाशी तुम्ही आमच्याकडे न बघता म्हणालात, त्यांना काय हवंय ते आपण विचारलंच नाही. तेव्हा तुमचा स्वतःचा मुलगा तसल्याच एका डब्यातून केव्हाच पुढे गेला होता, हे आम्हाला माहीत होतं, पण आम्ही पोरं. आमच्या डोक्यात तो नुसता गणवेश होता.

युद्ध जिंकलं. लेझीम निघालं, पेढे वाटले गेले. त्यात तुमच्या घरी तार आली. आईने माझ्या हातात भाताचा डबा देऊन तुमच्याकडे पाठवलं. तुमचं ते स्वयंपाकघर मला आज दिसतं आहे. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, भिंतीला टेकून बसल्या आहेत, चूल थंड आहे, तुम्ही स्टोव्हला पिन मारताय आणि तो पेटत नाही. डबा खाली ठेवून मी विचारलं, गुरुजी, आपण तिकडे गेलो ते बरोबर होतं ना? मोठ्या माणसाला कुणी असं विचारत नाही. तुम्ही स्टोव्ह बाजूला ठेवलात.

"देशाने जायलाच हवं होतं, बाळ," तुम्ही म्हणालात. "फक्त माझा मुलगा जायला नको होता. आता याचा निबंध लिहून दाखव."

तो निबंध मला आजपर्यंत लिहिता आला नाही. पुढल्या वर्षी तुम्ही ती नदीची कविता पुन्हा शिकवलीत, आणि रुळांवर गाडी नसतानाही त्याच ओळीवर थांबलात. मग बोट काढून पुस्तक मिटलंत.

आज हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. तो मोठ्या तेलाच्या जहाजावर आहे. आखाताच्या चिंचोळ्या तोंडाशी तिथल्या लहान देशाने तोफा रोखून जहाजं अडवली, त्यांत त्याचंही. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळू लागलं, फोन कधी लागे, कधी नाही. सूनबाई टीव्हीसमोरून उठेना. समुद्रापलीकडच्या त्या बलाढ्य देशाचं आरमार येणार की नाही, याचाच घोळ सगळीकडे. त्यांच्यातही म्हणे दोन तट. एक म्हणतो जगाची राखण आपणच करायची, दुसरा म्हणतो आपली पोरं परक्यांसाठी का मारायची. दाढीला गेलो तर न्हावी म्हणाला, काका, त्यांनी बॉम्ब टाकला तरी गॅस माझा महाग होतो आणि नाही टाकला तरी होतो, तुम्ही मान हलवू नका. सगळे हसले. मीही हसलो, पण मान हलली. घरी सून मला धरून विचारायची, "बाबा, एवढी ताकद आहे त्यांच्याकडे, मग येत का नाहीत? कशाची वाट बघतात?" बलवानाने धावून जावं, हेच तर मी कधीकाळी दोन पानं भरून लिहिलं होतं. रोज संध्याकाळी देवापुढे बसून मीही तेच मागत होतो. यावं त्यांनी. काय करायचं ते करावं, पण रस्ता मोकळा करावा.

काल ते आले. ज्या बंदरातून तोफा रोखल्या होत्या ते बंदर त्यांनी पहाटे भाजून काढलं. दुपारी नातवाचा फोन, आजोबा, नांगर उचलतोय. सून देवापुढे डोकं टेकून कितीतरी वेळ उठलीच नाही, आणि मग तिने भरपूर तूप घालून शिरा केला. शेजारी वाटला. मीही दोनदा मागून घेतला. टीव्हीवर ते बंदर दाखवत होते. पाण्यावर लाल-केशरी उजेड आणि वर धूर. खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा त्यात संध्याकाळच दिसली. मनात ओळ जुळायलाही लागली होती. मग तुमची तांबडी शाई आठवली. उपमा काढून बघितलं, तर गोदी होती. क्रेन होती. लोखंडी जिना होता, आणि त्याच्या पायरीवर कुणाचीतरी चप्पल.

तेव्हापासून लिहितो आहे. हे टाकायला पेटी नाही न् न्यायला पोस्टमन नाही, हे कळण्याइतका शुद्धीवर आहे मी. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की स्टोव्हपाशी बोललेल्या तुमच्या त्या दोन वाक्यांपैकी एकही मी खोडू शकत नाही. आणि एक, जे सुनेपाशी बोललो नाही. ती चप्पल बघितल्यावरसुद्धा कुणी मला विचारलं असतं, पुन्हा बोलवू का त्यांना, तर मी हो म्हणालो असतो.

दार वाजलं. सून उघडायला गेली आहे. बाहेर कुणी अनोळखी बाई आहे, वयाने सुनेएवढीच. उन्हातून आली आहे, पदराने तोंड पुसते आहे. उधव्याहून आले, म्हणते. इथल्या कुणाचा तरी मुलगा तिकडच्या दर्यात जहाजावर आहे असं तलासरीच्या बाजारात कळलं, म्हणून दोन रिक्षा बदलून विचारत विचारत आली. तिचा मुलगा त्या बंदरात वेल्डर आहे. कालपासून फोन लागत नाही.

"ताई, तुमच्या पोराला जहाजावरून ते बंदर दिसत असंल ना," ती विचारते आहे. "त्याला जरा बघायला सांगा. माझा तिथंच गोदीत राहतो."

सुनेने दार पुरतं उघडलं आहे, पण तिला 'आत या' म्हणवत नाही. म्हणून मी उठतो आहे, गुरुजी.