वर ठेवलेला आवाज

बाबा, तुमचं खातं उघडायला तिसऱ्यांदा कोड मागवला आणि तो पुन्हा तुमच्या जुन्या नंबरवर गेला. शेवटी त्याच नंबरला फोन लावला. बराकपूरचा एक माणूस बोलला. तुम्ही गेल्यावर आम्ही बंद केलेला नंबर आता त्याचा आहे. मी सगळं सांगितलं: वडिलांचं खातं, त्यात त्यांचा आवाज, वापरात नसलेलं खातं महिनाअखेर पुसलं जाणार. त्याने ऐकून घेतलं. "बुरा मत मानिए दादा. मेसेज में ही लिखा है, कोड किसी को मत दीजिए."

तुम्ही त्याची पाठ थोपटली असती. तुमच्या बँकेचा एकच मोठा कॉम्प्युटर, तुम्ही मशीन म्हणायचात, तळघरात, गारठ्यात. वर टेबलांवर नुसते पडदे. तळघराची किल्ली तुमच्याकडे. मोठ्या साहेबांनी मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, मी येतो ना सोबत." मग प्रत्येक टेबलावर वेगळं मशीन आलं आणि तळघरात मोडक्या खुर्च्या गेल्या. मी सॉल्ट लेकच्या ऑफिसात लागलो तोवर मशीन दिसेनासंच झालं होतं. ते कुठल्या गावात आहे, मलाही ठाऊक नसे.

"याला क्लाउड म्हणतात," मी एकदा तुम्हाला म्हटलं.

तुम्ही हसलात. "म्हणजे पुन्हा आमचंच. मशीन लांब, आपण पडद्यासमोर. किल्ली कोणाकडे?"

"तुमच्याकडेच. खात्याला तुमचाच नंबर घातलाय."

हे बोलणं मी रेकॉर्ड करत होतो. त्यात मागे आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, चहा गार झाला." तुम्ही म्हणता, "आलो, आलो." तेवढंच तिला ऐकायचंय. आवाज वर ठेवलाय, असं मी तिला सांगितलं होतं. "तेही वर, आवाजही वर," ती म्हणाली. "मग उतरव की."

मदतीच्या पानावर लिहून पाहिलं. यंत्राचं ठरलेलं उत्तर लगेच आलं: नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे. म्हणजे पुन्हा बराकपूर. ऑफिसात दिवसभर मी लोकांच्या फायली, त्यांचं सामान, वर क्लाउडवर चढवत असतो. या दाराशी मात्र हाक मारावी असं आत कोणी नाही.

हे पत्र वर ठेवणार नाही. याच मशीनवर राहील.

सकाळी आईने चहा आणला. "उतरले का?"

"उतरतायत," मी म्हणालो. "नेट हळू आहे."

ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.