रखमा भुयारात का उतरते

१२ जुलै, नांदेड
बंगळुरूच्या कंपनीचं उत्तर आलं. आमच्या गेमची चित्रं आवडली, गोष्ट नाही. आमची नायिका रखमा भुयारात का उतरते ते कळत नाही म्हणे. तिथं अडकलेला तिचा भाऊ सहा महिने आत काय खाऊन जगला? पहारेकरी मागताक्षणी किल्ली कसा देतो? महिनाअखेर दुरुस्त करून पाठवा, नाहीतर राहू द्या.
गेम मी आणि नसरीन, दोघींनी केलाय. तिला हैदराबादची नोकरी आलीय. गेम घेतला तरच ती थांबणार. कोडिंग सगळं तिचं. ती गेली की संपलंच.

१५ जुलै
भावाला आत झरा दिला, जोंधळ्याचं पेव दिलं. पहारेकरी रखमाच्या गावचा केला. असली भोकं बुजवणं जमतं मला. रखमाचं जमत नाही.

१८ जुलै
विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या चार पोरींना खेळायला बसवलं. पहिला प्रसंग: पंचमीचा सण, सासरी रखमा दारात, भाऊ याही वर्षी न्यायला आलेला नाही. तेवढ्यात निरोप येतो, तो भुयारात अडकलाय. इथं बटण दाबलं की रखमा निघते. तिघींनी दाबलंच नाही.
"ताई, यवढ्या वर्षांत न्यायला आला न्हाई त्यो. ही का मरून राहिली त्याच्यासाठी?"
नसरीन हसली. मला रडू येत होतं.

२१ जुलै
भुयारातल्या खजिन्यासाठी उतरते? हावरट वाटते. आईला दिलेला शब्द? रक्ताचं नातं? शी.
न. म्हणाली, "भाई को बीमार कर दे ना यार. आजारी होता म्हणून आला न्हाई, किस्सा खतम."
ओरडले तिच्यावर. आजारी नव्हता तो! त्याला यायचंच नव्हतं!
तिला ठाऊक आहे. मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून शिरूर अनंतपाळहून माझा भाऊ, अण्णा, एकदाही न्यायला आलेला नाही.

२४ जुलै
जेवण जात नाही. नवरा म्हणतो, गेमच आहे ना. खरं कारण मलाच माहीत नाही, तर लिहू काय, कप्पाळ?

२६ जुलै
अण्णाला फोन केला. उचलला. पंचमीचं बोलले नाही. एवढंच, "अण्णा, तू कुठं अडकलास, तर मी आलेलं चालंल का?"
मागे टीव्ही चालू होता. त्याचा आवाज कमी करून म्हणाला, "तुला कोण कळवणार हाय?"
फोन ठेवला. मोरीत जाऊन रडले.

२७ जुलै
निरोप कोण धाडतं, हे आम्ही लिहिलेलंच नाही. इतक्या जणांनी खेळला, कुणी विचारलं नाही.
निरोप काढून टाकला. आता रखमाला काहीच माहीत नाही. ती चिडून निघते, का येत नाहीस ते तोंडावर विचारायला. गावी गेल्यावर कळतं, तो भुयारात आहे.
न.नं खेळून पाहिलं. बटण दाबलं.

३० जुलै
पाठवला. उत्तर नाही. न.नं हैदराबादला अजून काही कळवलेलं नाही.
"भेटल्यावर रखमा भावाला काय म्हणते गं?" तिनं विचारलं.
ती ओळ मी रिकामीच पाठवलीय.